टरफल वाजलं पाहिजे

उदगीरला, जळकोट रोडला, शेंगा फोडायच्या गिरणीमागं
पत्र्याच्या शेडात आमची भट्टी.
भट्टी म्हणायचं फक्त. आत जाळ नसतो.
जाळ बाहेर, पिंपाच्या पोटाखाली.
आत टरफलं, वर आवळलेलं झाकण, बारा नटबोल्ट,
आणि हवेला मनाई.

खाजामियाँ वेल्डर म्हणतो,
आगीला श्वास घेऊ दिला की राख होते,
नाही दिला तर ती बोलायला लागते.
बोलते म्हणजे पाइपातून धूर निघतो, पिवळट, जड,
पाण्याच्या हौदातून वळसे घेत घेत निवतो
आणि बरणीत थेंब पडतो.
काळा. आंबूस.
नव्या डांबराचा आणि तळाला गेलेल्या लोणच्याचा वास एकत्र.
मी वहीत लिहितो: दोन वाजून दहा. चारशे साठ अंश. पहिला थेंब.

माझ्याकडं डिप्लोमा आहे.
माझ्याकडं ओलावा मोजायचं यंत्र आहे, दोन काट्यांचं, नांदेडहून मागवलेलं.
दैवशालाबाईकडं कान आहे.

गिरणी यायच्या आधी ती हातानं शेंगा फोडायची, पायलीवर मजुरी.
आता झाडते.
हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही,
उजव्या अंगठ्याचं नख बघितलं: मधोमध चिरलेलं,
तसंच वाढलेलं, दोन फाकांचं.

पोळ्याच्या आदल्या रात्री पत्रा गळला.
सकाळी यंत्र म्हणालं, नऊ टक्के.
तिनं ढिगात दंडापर्यंत हात घातला,
तळातलं एक टरफल काढलं,
कानाशी नेऊन चिमटीत मोडलं.
"वाजंना," म्हणाली. "ओलं हाय हे."
मी आकडा दाखवला.
"त्यो वरच्याचा आकडा हाय, बाळा.
खालच्याला कुणी इचारलंय?"

भरलं आम्ही. एक क्विंटल, मालकाची घाई होती.
रात्रभर पाइपातून पाणी.
तांबूस, आंबट, कोऱ्या चहासारखं,
काडी लावली तर काडीच विझवणारं.
खाजामियाँनं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.
मालकाचा फोन आला. चाललंय, म्हणालो.
त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.

मग ऊन पडलं तसं अंगणभर टरफलं पसरली.
ती त्यातून अनवाणी चालायची, मधेच वाकायची, मोडायची.
मला म्हणाली, "काय बघायलास? कान आण इकडं."
ओलं टरफल फसकन बसतं, एखाद्यानं बोलता बोलता विचार बदलावा तसं.
वाळलेलं टच्‌ करतं.
एवढाच फरक. मला तो ऐकू यायला अकरा दिवस लागले,
आणि शेजारी गिरणी सुरू असली की अजून येत नाही.

आता शंभर किलोला पस्तीस-छत्तीस किलो तेल,
तीसेक कोळसा,
उरलेला वायू वळवून पिंपाखालीच सोडतो,
भट्टी आपल्याच उसाशावर तापत राहते.
तेल मोटारसायकलीत घालता येईल का, असं रोज कुणीतरी विचारतं.
नाही. अजून तापट आहे ते, लोखंड खातं.
डाळमिलच्या बॉयलरला चालतं,
तिथला फायरमन व्यंकट नाकाला फडकं बांधून घालतो, शिव्या देत,
पण घालतो.

काल झाकण उघडलं तर आत टरफलं होती तशीच.
तोच आकार, तीच अंगावरची जाळी, दाण्यांचे दोन खळगे,
फक्त काळी, आणि वजन नसल्यासारखी.
मला वाटलं बाई आता काहीतरी बोलेल,
इतक्या वर्षांच्या शेंगा, इतकी टरफलं.
तिनं एक उचललं, सवयीनं कानाशी नेलं, मोडलं.
काचेसारखं वाजलं.
"ह्ये मातुर वाळलं," म्हणाली,
आणि तळहातावर चुरून, बोटानं दाताला लावलं,
नळावर चूळ भरली,
वळून हसली तेव्हा अजून दोन दात काळेच होते.

वहीत लिहिलं: ओलावा, शून्य.
तपासणार, दैवशाला.
आडनाव विचारायचं राहिलं.